हातचा

नानुली, तू विचारलंस,
तिबिलिसीत राहायला महिन्याला किती लागतं.
नुसता आकडा सांग, म्हणालीस,
गोष्टी नको.

तर लिहून घे.
ग्लदानीत नववा मजला, दीड खोली, आठशे लारी.
घरमालकीण डॉलरचा भाव बघून मागते,
म्हणून एक तारखेला डोळा उघडला की
आभाळाआधी मी तो भाव बघतो.
तुझ्याकडे एवढ्यात अख्खं घर येतं,
वर द्राक्षाचा मांडव, आणि मांडवाखाली
न विचारता येऊन बसणारी माणसं.

टोमॅटो सात लारी किलो.
ते टोमॅटो आहेत, असं दुकानदार सांगतो.
मेट्रो एक लारी.
लिफ्ट वीस तेत्री.
हो, लिफ्टलाही.
आत पत्र्याचा एक डबा ठोकलाय,
नाणं पडल्याशिवाय ती हलत नाही.
वर जायचे पैसे, खाली यायचं फुकट.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"मग उतर ना बाबा खाली."

आता तुझा रकाना.
तिथे मी शून्य टाकणार नाही, नानुली,
सोळा वर्षं लोकांचे जमाखर्च लिहून पोट भरतोय.
कुताइसीतल्या खर्चाला पावती नसते, एवढंच.
गेल्या महिन्यात चार मयतं झाली,
चार पाकिटं, प्रत्येकात पन्नास,
कारण बाबांच्या वेळी त्यांनी ठेवले होते,
आणि कुणी किती ठेवले त्याची वही
आई अजून उशाखाली घेऊन निजते.
इथे आमच्या जिन्यात कुणी गेलं
की खाली दाराशी चिठ्ठी लागते.
मी ती वाचतो.
पाकीट वाचतं.

तुझ्या शाळेचा पगार माझ्या भाड्याएवढा.
दाढ ठणकली की तू इथेच येतेस,
जाण्यायेण्याचे चाळीस
कुठल्या शहराच्या नावे मांडायचे?
आणि तो तुझा शेजारी ग्वादी,
जो रात्री अकराला गच्चीवरून ओरडतो
"नानुली, पोचलीस का?"
तो जमेला धरू की नावे?
तूच कधी म्हणतेस, देवमाणूस आहे,
कधी म्हणतेस, जीव नकोसा केलाय मेल्यानं.

काल दिदुबेच्या तळावर गेलो.
ओतारीच्या गाडीतून आईचं खोकं आलं होतं:
मक्याचं पीठ, चीज, वर्तमानपत्रात गुंडाळलेली अकरा अंडी
(बारावं फुटलं, त्याच्याच पिवळ्यात बातम्या चिकटलेल्या),
आणि पिठात खोल खुपसलेला बाबांचा जुना मोजा,
गाठ मारलेला, जड.

गाठ तिथेच सोडली.
वीस-वीस तेत्रींची पंधरा नाणी.
लिफ्टसाठी.
म्हातारी बाजारात भाजीवालीकडून
मोड मागून मागून घेत असणार,
इतकी वर्षं तिला कधी लागली नाही ती मोड.

सगळे मिळून तीन लारी.
खोकं आणल्याचे ओतारीनं पाच घेतले.

तेव्हापासून वही उघडी आहे.
दोन रकाने आखलेत, मधली रेघ सरळ आहे,
आणि ताळा लागत नाही.
आईची ही पदरमोड लहान शहरात धरली
तर तिथलं जगणं महाग पडतं.
मोठ्या शहरात धरली
तर इथलं इतकं स्वस्त होतं
की मलाच लाज वाटते.

रात्री खोकं खांद्यावर घेऊन लिफ्टमध्ये शिरलो.
जिना चढलो असतो, पण अंडी होती.
एक नाणं डब्यात टाकलं.
खळ्ळ.
लिफ्ट हलली.

आकडा मागितला होतास ना?
बेरीज अजून चालू आहे.
हातचे चौदा.